पूजेचं गंध कोण पुसतं

राजाजीनगर, बेंगळुरू
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. रूपश्री हिस,

आशीर्वाद सोबत जोडले आहेत. ठेवायचे की परत पाठवायचे ते तू ठरव.

राजाजीनगरहून हेब्बाळला पत्र पाठवणारा माणूस या शहरात बहुधा मी एकटाच असेन. पण तू माझा नंबर अडवून ठेवलास, आणि दारात येऊन उभं राहायला तुझ्या आईची मनाई आहे. काल पाकिटं आणायला गेलो तेव्हा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कुठं पाठवायचंय. हेब्बाळ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सर, फोन माडि, फोन करा." म्हटलं, भाची फोन उचलत नाही. "मग पत्र उघडेल?" रास्त प्रश्न होता. मी पाकिटं घेऊन निघालो.

पत्ता मात्र त्याच आईने, शालनने दिला, तोही तीनदा मागितल्यावर. लहानपणी मी तिच्याकडून संस्कृतची शब्दरूपं पाठ करून घ्यायचो, त्याचा राग तिने अजून राखून ठेवलाय. म्हणाली, "अण्णा, तिला लिही. लिहिताना माणूस स्वल्प तरी विचार करतो. बोलताना तू करत नाहीस."

आता कामाचं. इन्क्युबेटरच्या चौकशीची फाईल अजून उघडी आहे. मोहनकुमारने ती परवा माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि डायरेक्टरला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "राव सर, तीस जानेवारी शेवटची." फाईलमध्ये सगळं तुला ठाऊक असलेलंच आहे. २७ ऑक्टोबरला त्या रुग्णालयात आपलं यंत्र पहिल्यांदा चालू केलं, आत दीड किलोचं बाळ ठेवलं आणि दोन तासांत तापमान हेलकावे खाऊ लागलं. देवश्री सिस्टरने बाळ उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवलं. बाळ सुखरूप आहे, आता घरी आहे, हे मी डिसेंबरात पुन्हा विचारून घेतलं. यंत्र परत आलं, नियमाप्रमाणे आपण ते जंतुनाशकाने धुतलं, चाचणीला लावलं आणि ते एखाद्या शहाण्या जावयासारखं वागू लागलं. एकही हेलकावा नाही. कारण सापडेना, म्हणून तू सापडलीस.

शेवटच्या पानावर लिहिलंय: "नियंत्रण-आरेखनात स्थिरतेची राखीव मर्यादा अपुरी. आरेखक: रूपश्री." खाली चाचणी विभागाच्या प्रमुखाची सही व्हायची आहे, म्हणजे माझी. ती झाली की एक प्रत रुग्णालयाला आणि एक परवाना देणाऱ्या कार्यालयाला जाईल. मग या धंद्यात तू कुठेही गेलीस तरी हे पान तुझ्या आधी तिथे पोचलेलं असेल. तू पीयूसीच्या, अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतेस असं शालन म्हणाली. चांगलं काम आहे. पण ते तू निवडलंस की तुझ्यावर आलं, एवढं मला कळतं.

विचारायचं होतं ते असं: तुझी गणनेची वही तुझ्याकडेच आहे का? सही करण्यापूर्वी आकडे एकदा पाहीन म्हणतो.

शालनने परवा विचारलं, "माझ्या पोरीनं चूक काय केली, ते मला समजेल असं सांग." मी तिला आपल्या गल्लीत गाडी मागे घेणाऱ्याचं उदाहरण दिलं. मागे एक जण उभा राहून "बरली, बरली", म्हणजे "येऊ दे, येऊ दे" करतो, त्या शब्दावर ड्रायव्हर चाक फिरवतो. शब्द वेळेवर पोचला तर गाडी नीट लागते. तोच शब्द दोन श्वास उशिरा पोचला तर ड्रायव्हर आधी जास्त डावीकडे जातो, मग घाबरून जास्त उजवीकडे, मग आणखी जास्त डावीकडे, आणि शेवटी भिंत. किती उशीर चालेल, म्हणजे तरीही गाडी भिंतीला लागणार नाही, ते आधी हिशेबात धरून ठेवावं लागतं. त्याला फेज मार्जिन म्हणतात, आणि रूपाने ते अठ्ठेचाळीस अंश ठेवलं होतं, पंचेचाळीस पुरतं.

शालन म्हणाली, "मग चूक काय?"

मी म्हटलं, तेच बघतोय.

सध्या दसऱ्याचे जुने फोटो चाळत बसलोय. सहजच.

तुझा
गुंडूमामा


राजाजीनगर
रविवार, ११ जानेवारी

चि. रूपश्री हिस,

उत्तर नाही. ठीक आहे, पाठशाळेत मीही गुरुजींच्या अर्ध्या प्रश्नांना असंच उत्तर द्यायचो.

मागच्या पत्रात फोटोंचा उल्लेख केला, तो इतका सहज नव्हता. आयुधपूजेचे फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकले होते ना, त्यातला एक मोठा करून पाहिला. १ ऑक्टोबरचा. मी धोतर-उपरण्यात, हातात गंधाची वाटी, माझ्यामागे सोल्डरिंगची टेबलं, आणि माझ्यापुढे ते यंत्र, ज्याची चाचणी आदल्या दिवशी झाली होती आणि प्रमाणपत्रावर माझी सही होती. दुसऱ्या आठवड्यात ते बाहेर जायचं होतं, म्हणून पूजेत त्याला मान.

तुला आठवत असेल, तू मला बजावलं होतंस: "मामा, हुडवर कुंकू नको, आक्रिलिकच्या झाकणाला डाग पडतो, जात नाही." मी आज्ञाधारक. पूजा तर करायची आणि हुडला हात लावायचा नाही, तेव्हा मी आत वाकून धातूचा एखादा भाग शोधला. कोपऱ्यात ती तापमानाच्या सेन्सरवरची जाळीदार स्टीलची टोपी होती. करंगळीएवढी, उभी, वरून गोल. सात वर्षं पाठशाळेत काढलेल्या माणसाने तसला आकार पाहिला की त्याचा हात वाटीकडे जातो. बोट लागलं असेल.

पुढचं तू माझ्याआधी ताडलं असशील. टोपीच्या जाळीत चंदन जाऊन वाळलं, तर गरम हवा सेन्सरपर्यंत उशिरा पोचणार. सेन्सर अजून "थंड, थंड" म्हणत राहणार आणि हीटर तापत राहणार. "बरली, बरली" उशिरा.

तू म्हणशील, पॅकिंगच्या आधी कोणी पुसलं कसं नाही? पॅकिंगवाल्यांना विचारलं. ते माझ्याकडे असं पाहत राहिले जणू मी त्यांना देवळातली घंटा चोरायला सांगितलीय. "पूजेचं गंध कोण पुसतं, सर?" रुग्णालयातही हुड पुसला, गादी पुसली, आणि कोपऱ्यातलं गंध पाहून कोणीतरी नमस्कार करून सोडून दिलं असेल. मग परत आल्यावर आपण जंतुनाशकाने सगळं धुतलं, तेव्हा तेही गेलं. पुरावा आपणच धुऊन काढला, आणि तेही नियमाला धरून.

तेव्हा गुरुवारी मी प्रयोग केला. तसंच दुसरं यंत्र घेतलं, टोपीला गंध लावलं, वाळू दिलं, छत्तीस अंशावर स्थिरावू दिलं, मग हुडचं दार पाच मिनिटं उघडं ठेवून बंद केलं. तू असताना करायचो तसंच: एक धक्का द्यायचा आणि बघत बसायचं. तापमान वर गेलं, दीड अंश जास्त. मग खाली एक अंश, मग वर पाऊण, मग अर्धा, मग पाव. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान. तासाभरात यंत्र निवांत.

म्हणजे गंधाने मार्जिन कमी झालं, पण संपलं नाही. यंत्र स्थिर. हे वाचून तुला बरं वाटणार नाही हे मला माहीत आहे, कारण मग प्रश्न परत तुझ्या वहीकडे येतो. मी मोहनकुमारला सुचवलं, "कारण अनिश्चित" असं लिहू. तो म्हणाला, "राव सर, अनिश्चित लिहिलं तर परवाना अनिश्चित होईल. कोणाचं तरी नाव लागतं."

वही पाठवशील का?

गुंडूमामा


राजाजीनगर
रविवार, १८ जानेवारी

रूपश्री,

आज थट्टा कमी असेल. प्रयत्न करतो, पण सवय आहे.

संक्रांतीला शालन आली होती, एळ्ळु-बेल्ल्याची, तीळगुळाची पुडी घेऊन. फोटो माझ्या टेबलावर होता, छापून आणला होता मी. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हे काय?"

"दसऱ्याचा फोटो. कंपनीतला."

"ही छोटी पिंड कसली?"

"पिंड नाही, सेन्सर आहे. बोट लागलंय गंधाचं."

"बोट?" तिने फोटो खिडकीपाशी नेला. "अण्णा, इथं तीन पट्टे आहेत. वर अक्षतासुद्धा."

मी म्हटलं फोटो नीट दिसत नाही.

"फोटो नीट दिसतोय. तू जन्मात कधी एका बोटाने गंध लावलंस? तुझ्या गॅसच्या सिलिंडरला तीन पट्टे. माझ्या नव्या स्कूटरच्या दिव्याला तीन पट्टे, रात्री पुढचं दिसेना मला. एक बोट कुठून आलं?"

मी तिला एळ्ळु-बेल्ला घे म्हटलं. तिने फोटो खाली ठेवला आणि विचारलं, "या गंधाचं आणि रूपाच्या नोकरीचं काही आहे का?" मी कॉफी टाकायला उठलो. परत आलो तर ती चपला घालत होती. कॉफी तशीच राहिली. आपल्या घरात कोणी कॉफी सोडून जात नाही, तुला माहीत आहे.

तर आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते.

प्रयोगात मी एक बोट लावलं. फोटोत तीन पट्टे होते, हे मला शालनच्या आधी दिसलं होतं. मी स्वतःला सांगितलं की प्रयोगात प्रमाण महत्त्वाचं नाही, तत्त्व महत्त्वाचं. आयुष्यभर इतरांच्या चाचण्या ज्या कारणासाठी मी नापास केल्या, नेमकं तेच मी केलं: हवं ते उत्तर येईल एवढंच लावलं आणि तेवढंच मोजलं.

आणखी एक. हेलकाव्याचं मी तुला उंचीचं माप लिहिलं, वेळेचं लिहिलं नाही. रुग्णालयाच्या नोंदीत एक हेलकावा साडेसहा मिनिटांचा आहे. माझ्या एका बोटाच्या प्रयोगात तो चार मिनिटांचा होता. दोन्ही जुळत नव्हते. ते मला गुरुवारीच दिसलं होतं, आणि मी कागद उलटा करून ठेवला.

काल शनिवार, कंपनीत कोणी नव्हतं. वाटी तीच, गंध उगाळलेलं तसंच. तीन बोटं, आडवी. वर अक्षता. पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. मग दार उघडलं, बंद केलं, खुर्ची ओढून बसलो. पहिला हेलकावा लहान होता, अर्ध्या अंशाचा. मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं. मग पाऊण. मग एक. मग दीड, मग दोन. पुढे मोजायला काही उरलं नाही: हीटर पूर्ण चालू, पूर्ण बंद, पूर्ण चालू. घड्याळ लावून बघितलं. साडेसहा मिनिटं. रुग्णालयाचा आलेख शेजारी धरला तर कुठला कुठला ते सांगता आलं नसतं.

मागून गणित केलं. टोपी स्वच्छ असताना तुझं मार्जिन अठ्ठेचाळीस. एका बोटाने वीस. तीन बोटांनी शून्याच्या खाली सहा. तुझी वही मी आता मागत नाही. तिच्यात चूक नाही.

शेवटचं आणि सगळ्यांत वाईट. सात नोव्हेंबरच्या सभेत तू उभी राहून अठ्ठेचाळीस अंशांचं गणित मांडलंस, चांगलं मांडलंस. मोहनकुमारने मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" आणि मी म्हटलं, "वही म्हणते डोंगरावर विस्तव नाही. पण धूर तर सगळ्यांना दिसतोय. आता वही खरी धरायची की डोंगर?" तू वही मिटलीस आणि बाहेर गेलीस. सभा पुढे चालू राहिली. त्या वाक्याने तुझा निकाल लावला. त्यानंतर तुला कोणी काही विचारलंच नाही.

ते वाक्य मला पाठशाळेतून मिळालं. धुरावरून विस्तव सिद्ध होतो. पण विस्तव कोणी लावला, ते धुरावरून सिद्ध होत नाही, हेही तिथेच शिकवलं होतं. ते मी त्या दिवशी सोडून दिलं. तेव्हा मला गंधाची आठवण नव्हती, हे खरं आहे. ती घरी जाताना, महादेवपुऱ्याच्या सिग्नलला आली. शेजारच्या गाडीच्या बोनेटवर दसऱ्याचं वाळलेलं गंध होतं, आणि मला एकदम तो कोपरा, ती टोपी दिसली. म्हणजे सभेनंतर दोन तासांनी. तू राजीनामा दिलास त्याच्या तीन दिवस आधी.

तीन दिवस मी काय करत होतो असं तू विचारलंस तर उत्तर आहे: खात्री करून घेऊ, असं म्हणत होतो. खात्री करायला मी दहा आठवडे घेतले.

गुंडूमामा


राजाजीनगर
शुक्रवार, ३० जानेवारी

रूपश्री,

फाईल आज बंद झाली. प्रत सोबत आहे, नऊ पानं. पत्र वाचायचं नसेल तर तेवढी वाच.

सोमवारी सुटी होती, म्हणून मंगळवारी सकाळी मोहनकुमारकडे गेलो. आलेख, फोटो, तिन्ही चाचण्यांची (टोपी स्वच्छ, एक बोट, तीन बोटं) कोष्टकं त्याच्यापुढे ठेवली. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. मग दार लावून घेतलं.

"राव सर, चंदन कसं लिहायचं? ते लोक म्हणतील इथं यंत्रं बनवतात की मठ चालवतात?"

मी म्हटलं, जे होतं ते लिहायचं.

"सरी, सरी, ठीक आहे. 'बाह्य पदार्थ' लिहू."

"लिहा. कोणी लावला तेही लिहा."

"बिडि सर, सोडा ते. 'अज्ञात व्यक्ती'."

"मोहनकुमार, फोटोत मी धोतर नेसून वाटी घेऊन उभा आहे. अज्ञात कसा?"

त्याला हसू आलं, मग आवरलं. म्हणाला, "तुमची दोनच वर्षं राहिलीत. हे पान तुमच्या नावाने गेलं तर तुमची सही पुढे चालणार नाही, माहीत आहे ना? प्रमाणपत्र तीस सप्टेंबरचं, पूजा एक ऑक्टोबरची. चाचणीनंतर यंत्राला काही लागलं तर पुन्हा चाचणी, हा नियम तुम्हीच लिहिलाय."

म्हटलं, म्हणूनच मला पाठ आहे.

मग तो चिडला. चिडल्यावर तो कन्नडमध्ये शिरतो आणि फार स्वच्छ बोलतो. म्हणाला, नोव्हेंबरमध्ये ती मुलगी इथं उभी राहून बरोबर बोलत होती आणि तुम्ही तिचे मामा. मी तुमच्या शब्दावर गेलो. आता मी तिला काय सांगू? तो म्हणाला, "साकु, पुरे. लिहून आणा."

तीन दिवस लिहीत होतो. पहिला मसुदा तुझ्या मामाने लिहिला होता: त्यात "परंपरेने चालत आलेल्या प्रथेनुसार" असं एक वाक्य होतं. ते मी खोडलं; प्रथेने माझा हात धरला नव्हता. दुसऱ्यात "दुर्दैवाने" तीनदा आलं, तेही काढलं. शेवटी उरलं ते पाचव्या पानावर आहे:

"१ ऑक्टोबर २०२५ रोजी चाचणी विभागाचे प्रमुख गुंडूराव यांनी, चाचणी पूर्ण झालेल्या यंत्राच्या सेन्सरच्या टोपीवर चंदनाचा लेप लावला. पुनर्चाचणी केली नाही. लेपामुळे सेन्सरचा प्रतिसाद मंदावला व नियंत्रण अस्थिर झाले. मूळ आरेखनाची स्थिरता मानकापेक्षा अधिक होती. ७ नोव्हेंबरच्या सभेत आरेखकावर ठेवलेला ठपका चुकीचा होता व तो मागे घेण्यात येत आहे."

"मागे घेण्यात येत आहे" हे मोहनकुमारचं. मी "ठेवणाऱ्याने मागे घ्यावा" असं लिहिलं होतं, त्याला ते फार संस्कृत वाटलं.

दुपारी चारला दोन्ही प्रती कुरिअरने गेल्या. पावत्यांच्या छायाप्रती मागच्या पानावर आहेत. त्यानंतर मोहनकुमारने मला एक कागद दिला. उद्यापासून चाचणीच्या प्रमाणपत्रावर माझी सही चालणार नाही. मी जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या नोंदी बघायच्या. काचेच्या खोलीतलं टेबल रिकामं करायचं. मी कागद घेतला, वाचला, पोच दिली. मी म्हणजे चुकीच्या जागी बसवलेला एक खटका होतो. तो तिथून काढून दुसरीकडे लावला, बस.

तुला परत बोलवायचं पत्र कंपनी स्वतंत्र पाठवणार आहे. त्यात मी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तू ये असंही म्हणत नाही. तो तुझा आणि त्यांचा प्रश्न.

शालनला सगळं सांगितलं, तिच्या घरी जाऊन, उभ्याने. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा, तू बस." मी बसलो.

गुंडूमामा


राजाजीनगर
रविवार, २२ फेब्रुवारी

रूपश्री,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. एक पान, वर "श्री. गुंडूराव यांस", खाली चार प्रश्न. मायना दोनदा वाचला, पण प्रश्न पाहून बरं वाटलं; ते चांगले आहेत. क्रमाने उत्तरं देतो.

पंख्याचा वेग. तिन्ही चाचण्यांत तो मधल्या पायरीवर होता, रुग्णालयात होता तसाच. नोंद चौथ्या पानाच्या तळाशी आहे, अक्षर लहान आहे. तुझ्या नजरेतून सुटली असेल असं वाटत नाही, पण विचारलंस म्हणून लिहिलं.

बाळाच्या वजनाची पाण्याची पिशवी आत होती का? नव्हती. तुझं बरोबर आहे, आत वजन नसताना केलेली चाचणी अपुरी होती. दुरुस्तीच्या विभागात मला एक रिकामं यंत्र मिळालं आहे. काल पिशवी ठेवून पुन्हा केली. हेलकावे वाढतात, पण सावकाश: दोन अंशांवर जायला आधी पाच फेऱ्या लागल्या होत्या, आता नऊ. लांबी तीच, साडेसहा मिनिटं. रुग्णालयाच्या नोंदीतले दोन तास यामुळे जास्त नीट जुळतात. हे पुरवणी म्हणून मी मोहनकुमारला दिलं आहे. तुझं निरीक्षण म्हणून दिलं आहे, कारण ते तुझं आहे.

टोपीचं. तू लिहितेस, गंध हे निमित्त. उद्या पावडर बसेल, गादीचे तंतू बसतील, आणि यंत्राला कळणारही नाही की सेन्सर आंधळा होत चाललाय. तेव्हा तिथे दोन सेन्सर हवेत आणि दोघांत फरक पडला की गजर. यावर मला काही म्हणायचं नाही, फक्त हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तुझं नाव घालू नका असं तू लिहिलंस. नाही घातलं. "बाहेरून आलेली सूचना" असं लिहिलं. मोहनकुमारने ते वाचून विचारलं, "बाहेरून म्हणजे हेब्बाळहून का?"

चौथा प्रश्न तू शेवटी लिहिलास, आणि त्याची शाई वेगळी आहे. "सात नोव्हेंबरला मी दार ओढून घेतलं तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. पाच-सहा जण होते. त्यात तुमचा आवाज होता का?"

माझ्या चारही पत्रांत मी हे लिहिलं नाही. अहवालात लिहायला जागा नव्हती, आणि पत्रांत जागा होती तरी लिहिलं नाही.

होता. सगळ्यांत आधी मी हसलो. बाकीचे माझ्याकडे बघून हसले.

गुंडूराव